परिचारिकेला दहापैकी किती?

आयुष्यात काम करण्याची तुमची क्षमता जेव्हा सर्वात चांगली होती, तेव्हा तिला दहा गुण दिले असे समजा. मग आजच्या क्षमतेला किती द्याल?

प्रश्न साधा आहे. बँकेतल्या कारकुनाला विचारता येतो, एसटीच्या चालकाला विचारता येतो. हाच प्रश्न जिल्हा रुग्णालयाच्या स्त्री-मेडिसिन वॉर्डात, सलग पाचव्या रात्रपाळीच्या पहाटे चार वाजता एखाद्या अधिपरिचारिकेला विचारला तर ती बहुधा आधी हसेल. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत हे तिला कोणी विचारलेलेच नसते. तिला विचारतात ते वेगळेच. इंडेंट का गेला नाही, सात नंबरचे सलाईन कधी संपले, चादरी मोजणीत दोन कमी कशा, आणि नातेवाईक एवढे ओरडत का आहेत.

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, रुग्णालयांत मेणबत्त्या लागतात, शपथ होते, केक कापला जातो. भाषणांत ‘व्रत’, ‘सेवाभाव’, ‘देवदूत’ हे शब्द हमखास येतात. हेतू चांगलाच असतो. अडचण एवढीच, की व्रत घेतलेल्याने थकायचे नसते. थकलाच तर उणीव व्रतात नसते, घेणाऱ्याच्या श्रद्धेत असते. त्यामुळे परिचारिकेची पाठ, झोप आणि मन यांचा हिशेब तिच्या स्वभावाच्या खात्यावर लिहिला जातो. वॉर्डाच्या खात्यावर तो येतच नाही. गेल्या चार दशकांतले संशोधन मात्र सतत वॉर्डाकडेच बोट दाखवत आले आहे.

त्याची सुरुवात फिनलंडमध्ये झाली. १९८१ मध्ये तिथल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेपुढे एक रोकडा प्रश्न होता: नगरपालिकांच्या वेगवेगळ्या कामांसाठी निवृत्तीचे योग्य वय कोणते? युहानी इल्मारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४ ते ५८ या वयातल्या सहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा पाठपुरावा सुरू केला. त्यात सफाई कर्मचारी होते, शिक्षक होते, परिचारिकाही होत्या. (महाराष्ट्र शासनाच्या सेवेत परिचारिका ५८व्या वर्षी निवृत्त होते. म्हणजे हा अभ्यास ज्या वयाचा, तो तिच्या नोकरीचा शेवटचा आणि सर्वात जड टप्पा.) या कामातून सात भागांची एक प्रश्नावली तयार झाली. वरचा दहा गुणांचा प्रश्न त्यातला पहिला. पुढचे प्रश्न असे: कामाला लागणारे शारीरिक आणि मानसिक बळ आज आहे का, डॉक्टरांनी निदान केलेले आजार किती, त्यांचा कामाला किती अडथळा होतो, गेल्या वर्षभरात आजारपणाची रजा किती दिवस घेतली, तब्येत पाहता दोन वर्षांनी हेच काम करता येईल असे वाटते का, आणि शेवटी रोजच्या जगण्यात आनंद, उत्साह, उद्याबद्दल आशा आहे का. एकूण गुण ७ ते ४९. सत्तावीस किंवा त्याखाली म्हणजे क्षमता खालावलेली, चव्वेचाळीस किंवा त्याहून अधिक म्हणजे उत्तम. भरायला दहा-पंधरा मिनिटे लागतात.

मराठीत याला ‘कार्यक्षमता’ म्हणावे, तर तो शब्द गोपनीय अहवालाने कधीच पळवला आहे. तिथे तो माणसाकडून किती काम निघते, याचे माप आहे. इल्मारिनेन यांचे माप वेगळे आहे. काम जेवढे मागते आणि माणूस जेवढे देऊ शकतो, त्या दोहोंचा मेळ किती बसतो, हे ते पाहते. मेळ बिघडला तर माणूस खचला असेल किंवा काम वाढले असेल, आणि पुष्कळदा दोन्ही. ते घराचे उदाहरण देत. तळमजल्यावर आरोग्य, त्यावर कौशल्य, त्यावर मूल्ये आणि कामाची ओढ, आणि सर्वात वर खुद्द काम: त्याचा भार, त्याची रचना, वरिष्ठांची वागणूक. वरचा मजला अवजड झाला की खालच्या भिंतींना तडे जातात. भिंतींना कितीही गिलावा केला तरी उपयोग नसतो.

अकरा वर्षांनी, १९९२ मध्ये, तीच माणसे पुन्हा तपासली गेली. ज्यांची क्षमता वयाबरोबर न घसरता उलट सुधारली होती, त्यांच्यात काय वेगळे होते? मोकळ्या वेळातला जोमदार व्यायाम वाढला होता, हे अपेक्षितच. कामात त्याच त्या हालचाली कमी झाल्या होत्या. आणि लगतच्या वरिष्ठांची वागणूक सुधारली होती. ज्यांची घसरली, त्यांच्याबाबतीत कामाची कदर कमी झाली होती, कामाच्या जागेची स्थिती बिघडली होती, एकाच जागी उभे राहणे वाढले होते. कदर ही मोजता येण्याजोगी, प्रकृतीवर परिणाम करणारी गोष्ट आहे, हे यातून पहिल्यांदा इतके स्पष्ट दिसले.

आता आपल्या वॉर्डात येऊ. इथे चौथा मजला सर्वात जड आहे, आणि त्याचे वजन समजायला थोडे अंकगणित करावे लागते.

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक असे सांगितले जाते. ऐकायला छान वाटते. पण ‘पाचामागे एक’ म्हणजे कागदावर एक की त्या घडीला वॉर्डात उभी असलेली एक? आठवड्याचे तास असतात १६८. एक परिचारिका आठवड्याला साधारण ४२ ते ४८ तास काम करते. म्हणजे वॉर्डात एक परिचारिका चोवीस तास हजर ठेवायची तर चार जणी लागतात. त्यात किरकोळ रजा, आजारपण, प्रसूती रजा, प्रशिक्षण, निवडणुकीची ड्यूटी धरली की पाच. आता तीस खाटांचा वॉर्ड घ्या. पाचामागे एक हे प्रमाण मंजूर पदांना लावले तर सहा परिचारिका मिळतात, आणि कोणत्याही क्षणी वॉर्डात जेमतेम एक. तेच प्रमाण प्रत्यक्ष हजेरीला लावले तर एका वेळी सहा हव्यात, म्हणजे पदे तीसच्या आसपास. एकाच वाक्याच्या दोन वाचनांत पाचपट फरक. पदसंख्येवरच्या कोणत्याही चर्चेत कोणते वाचन धरले आहे, हे आधी विचारायला हवे. सहसा कोणी विचारत नाही.

शिवाय खाटा तीस असल्या तरी रुग्ण तीसच असतात असे नाही. पावसाळ्यात तापाची साथ आली की दोन खाटांमध्ये गाद्या पडतात. जमिनीवरच्या रुग्णाची शीर शोधायची, सलाईन लावायचे, रक्तदाब बघायचा, तर परिचारिकेला गुडघ्यावर बसावे लागते किंवा कमरेत पूर्ण वाकावे लागते. एका पाळीत हे कितीदा होते, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. रजिस्टरे मात्र भरपूर असतात.

या गर्दीची किंमत रुग्ण मोजतो, आणि ती किती, हेही ठाऊक आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. त्याच एका जादा रुग्णामागे परिचारिका पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती. पुढे नऊ युरोपीय देशांतल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१४ मध्ये निष्कर्ष आले, आणि आकडा पुन्हा सात टक्क्यांच्या घरातच निघाला. तिथल्या वॉर्डांत एका परिचारिकेकडे असणारे रुग्ण आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ कमी, हे लक्षात घेतले तर या आकड्यांपुढे गप्प बसवत नाही. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून आणि २००४ पासून तो लागू करून परिचारिकेमागे किती रुग्ण चालतील याची कमाल मर्यादाच घातली. अतिदक्षता विभागात दोन, साध्या वॉर्डात पुढे पाच. ही मर्यादा हजर परिचारिकेमागे आहे, कागदावरच्या नव्हे.

रुग्ण वाढले की काय राहून जाते? इंजेक्शन सहसा राहत नाही, कारण ते लिहिलेले असते आणि त्यावर सही लागते. राहतात त्या न लिहिलेल्या गोष्टी: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, तोंड साफ करणे, इन्सुलिन घरी कसे टोचायचे ते नातेवाइकाला नीट दाखवणे, घाबरलेल्या बाईशी दोन मिनिटे बोलणे. जे काम शिकलो, तेच करता येत नाही, ही टोचणी परिचारिकेच्या मनावर आजारासारखी बसते. प्रश्नावलीतल्या शेवटच्या भागाचे गुण इथे जातात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची हकिकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर ही परिचारिका १८ मे २०१५ पर्यंत, जवळपास ४२ वर्षे, अंथरुणाला खिळून होती, आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात त्यांच्या सेवेची मनापासून दखल घेतली. ही कथा सेवाभावाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण तिचे आणखी दोन पदर आहेत. अशा रुग्णाची त्वचा जपायची तर दिवसरात्र, न चुकता, कोणाचे तरी दोन हात मोकळे असावे लागतात. आणि जिच्यावर ही वेळ आली तीही परिचारिकाच होती, आपल्याच कामाच्या जागी. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवकांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला तो २०१० मध्ये.

तळमजल्याचे, म्हणजे शरीराचे, दोन मोठे शत्रू आहेत: उचलणे आणि रात्र.

उचलण्याबद्दल फार बोलायला नको. कोणत्याही ज्येष्ठ सिस्टरला कंबर विचारा. अमेरिकेच्या व्यवसाय-सुरक्षा संस्थेशी संबंधित संशोधकांनी २००७ मध्ये रुग्णाला हाताने उचलण्याची सुरक्षित मर्यादा सुमारे १६ किलो सांगितली. प्रौढ रुग्णाचा एक पायच तेवढा भरू शकतो. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ट्रॉलीवरून खाटेवर घेणे हे एकटीचे काम नाही. त्याला सरकता पट्टा, उचलयंत्र, निदान दोन वॉर्डबॉय आणि एक मावशी हव्यात. आपल्याकडे मावशी दोन वॉर्डांत मिळून एक असते आणि उरलेला भार नातेवाइकांवर पडतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३४व्या कलमाने कामगाराला इजा होईल एवढे वजन उचलायला लावण्यास मनाई केली. पण रुग्णालयाचा वॉर्ड हा कारखाना नव्हे. पोत्यांच्या बाबतीत कायदा जेवढा जागरूक राहिला, तेवढा माणूस उचलणाऱ्यांच्या बाबतीत राहिला नाही.

रात्रीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. शरीरातल्या जैविक घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले, आणि तेव्हापासून या घड्याळाची चर्चा घरोघरी पोचली. परिचारिकांचे शरीर मात्र या विज्ञानात फार आधीपासून खर्ची पडले आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अभ्यासात १ लाख २१ हजारांवर परिचारिका सामील झाल्या. हृदयविकार, मधुमेह, स्तनाचा कर्करोग, आहार यांविषयी जगभरच्या स्त्रियांना आज जे सांगितले जाते, त्यातले कितीतरी या परिचारिकांनी वर्षानुवर्षे भरून पाठवलेल्या उत्तरांतून आले. त्याच माहितीतून २००१ मध्ये दिसले, की तीस किंवा अधिक वर्षे फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला होता. पुढच्या सर्वच अभ्यासांत हा संबंध तितका ठळक दिसला नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे.

रुग्णालय रात्री बंद ठेवता येत नाही, हे उघड आहे. पण रात्र कशी लावायची, हे नक्की ठरवता येते. माणसाचे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालते, म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट क्रमापेक्षा सोपा जातो. दोन पाळ्यांमध्ये पुरेसे अंतर हवे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने परिचारिकांसाठी १९७७ मध्ये केलेल्या शिफारशीत ते निदान सलग बारा तासांचे सांगितले आहे. (त्याच वर्षीच्या परिचारिकांविषयीच्या करारावर भारताची मान्यतेची मोहोर नाही.) रात्री आठ ते सकाळी आठ अशा बारा तासांच्या रात्री आठवडाभर ओळीने लावण्याला शास्त्रीय आधार नाही, ती वेळापत्रक बनवणाऱ्याची सोय असते. पहाटेच्या वेळी अर्ध्या तासाची डुलकी सतर्कता वाढवते, चुका कमी करते, हेही माहीत आहे. आपल्याकडे ड्यूटीवर डोळा लागला तर मेमो मिळतो. वॉर्डात दोघी असतील तर आळीपाळीने अर्धा तास अधिकृत विश्रांती देता येईल. पण त्यासाठी दोघी असाव्या लागतात. फिरून पुन्हा त्याच अंकगणितापाशी.

सकाळी आठला ओव्हर देऊन, साडेनऊला घरी पोचलेली परिचारिका झोपते असा समज असेल तर तो सोडून द्यावा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाची ९७. परिचारिका बहुसंख्येने स्त्रिया आहेत. डबा, मुलांची शाळा, सासऱ्यांचे औषध, आणि शेजारणीचे ‘जरा बीपी बघता का?’ यातून दिवसाची झोप चार तासांवर येते, आणि तीही तुटक. हे रुग्णालयाच्या हातात नाही, असे प्रशासन म्हणेल. पाळणाघर, स्वच्छ विश्रांतीकक्ष आणि महिनाभर आधी कळलेली ड्यूटी-यादी मात्र त्याच्या हातात आहे.

आणि मग नोकरीची खात्री. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी संप केला, तो मुख्यतः बाह्यस्रोतामार्फत पदे भरण्याच्या निर्णयाविरुद्ध. तेव्हा चर्चा झाली ती रुग्णांच्या हालांची. एकाच वॉर्डात एकच काम करणाऱ्या दोघींपैकी एकीला रजा, भविष्य निर्वाह निधी आणि पदोन्नती, आणि दुसरीला दर अकरा महिन्यांनी धाकधूक, याचा दोघींच्या क्षमतेवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मागेच राहिला. कंत्राटी परिचारिका आजारपण लपवते. रजा कमी घेते. म्हणजे प्रश्नावलीत रजेच्या रकान्यात तिला चांगले गुण मिळतील. तिची प्रकृती मात्र ढासळत असेल. फिनलंडचे माप इथे जसेच्या तसे लावताना ही गोम लक्षात ठेवायला हवी. खासगी क्षेत्रात तर वेतनाचाच प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राच्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २० हजार रुपये, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तिथे शासकीय परिचारिकेइतके वेतन सुचवले. ही शिफारस राज्यांवर सोडली गेली, आणि शिफारशीच्या रूपातच बहुतेक ठिकाणी पडून राहिली.

हे माप आपल्याकडे आणावे का? आणावे, पण एका अटीवर. परिचारिकांच्या मनात पहिली शंका येईल ती अशी, की खरे उत्तर दिले तर उद्या तेच कागद बदलीसाठी किंवा सक्तीच्या निवृत्तीसाठी वापरले जातील. शंका रास्त आहे. फिनलंडमध्ये ही प्रश्नावली व्यवसाय-आरोग्य सेवेतले डॉक्टर आणि परिचारिका हाताळतात. वैयक्तिक उत्तरे मालकाच्या टेबलावर जात नाहीत. आपल्या रुग्णालयांत, विशेषतः शासकीय, कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची अशी वेगळी सेवा जवळपास नाही. हजारो लोकांवर उपचार होतात त्या इमारतीत स्वतःच्या गुडघ्यासाठी सिस्टरला ओळखीच्या डॉक्टरांना ‘जरा बघा ना सर’ म्हणावे लागते. ती सेवा आधी उभी राहिली पाहिजे. उत्तरे तिच्याकडे गोपनीय राहतील, आणि अधिसेविकांच्या कार्यालयाकडे जाईल तो वॉर्डनिहाय आकडा. कोणत्या वॉर्डात गुण सातत्याने घसरत आहेत, हे कळले की तिथे पदे, मावशी, उचलयंत्र की नुसतीच वरिष्ठांची समज, काय कमी आहे ते शोधता येते.

आजही एक अनौपचारिक सोय आहेच. गुडघे गेलेल्या, बायपास झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या सिस्टरला ओपीडी, लसीकरण किंवा निर्जंतुकीकरण कक्षात ‘लाइट ड्यूटी’ मिळते. पण ती प्रमाणपत्राच्या खटपटीवर, ज्येष्ठतेवर, कधी वशिल्यावर मिळते, आणि मिळालेलीकडे इतरजणी जरा वाकड्या नजरेने पाहतात, कारण तिच्या वाट्याच्या रात्री त्यांच्यावर येतात. वास्तविक तीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या परिसेविकेचा अनुभव नव्या मुलींना शीर शोधायला, बिघडणारा रुग्ण चेहऱ्यावरून ओळखायला, चिडलेल्या नातेवाइकाला शांत करायला शिकवण्यात वापरता येईल. तसे पद निर्माण केले तर लाइट ड्यूटी ही मेहेरबानी राहणार नाही. पाठीला न झेपणारे काम कमी होईल आणि डोक्यातले काम वाढेल.

परिसेविकेकडे आणखी एक गोष्ट असते, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. फिनलंडच्या अकरा वर्षांच्या नोंदींत वरिष्ठांची वागणूक एवढी ठळक दिसली, ती याच पदाच्या पातळीवर, रोज भेटणाऱ्या वरिष्ठाच्या. राउंडमध्ये रुग्णांसमोर, नातेवाइकांसमोर आणि विद्यार्थ्यांसमोर सिस्टरला झापणारे डॉक्टर आणि तेच पुढे कनिष्ठांवर काढणारी प्रभारी सिस्टर, ही साखळी सगळ्यांना परिचित आहे. ती तोडायला शासन निर्णय लागत नाही.

प्रश्नावलीतल्या सहाव्या प्रश्नाला तीनच पर्याय आहेत. दोन वर्षांनी हेच काम करू शकाल का? ‘शक्यता कमी’ याला एक गुण, ‘सांगता येत नाही’ याला चार, ‘जवळपास खात्री आहे’ याला सात. पुढच्या महिन्याची ड्यूटी-यादी लावण्याआधी एकदा, नाव न लिहिता, एका वॉर्डातल्या सगळ्या जणींना एवढेच विचारून पाहावे. कागदाचे चिठोरे आणि एक बंद डबा पुरेल.